डोक्यातला पोटभाडेकरू

तेलुगू सिनेमात नायकाच्या डोक्याचा उपयोग पूर्वापार समोरच्याच्या नाकावर आदळण्यासाठी होत आला आहे. २०१९ साली दिग्दर्शक पुरी जगन्नाथ यांनी त्या डोक्याला एक जोडधंदा मिळवून दिला. ‘इस्मार्ट शंकर’मध्ये त्यांनी नायकाच्या डोक्याला मागच्या बाजूनं चक्क यूएसबी पोर्ट बसवला. शंकर हा हैदराबादच्या जुन्या शहरातला, सुपारी घेऊन माणसं मारणारा गडी. अरुण हा पोलीस अधिकारी, त्याचा खून झालेला. आणि अरुणवर जीव असलेली एक डॉक्टरीण, जिचा विषयच मेंदू. अरुणला कुणी मारलं हे अरुणलाच ठाऊक, आणि अरुण तर गेलेला. तेव्हा त्याची स्मृती काढून शंकरच्या डोक्यात भरायची, असं ठरतं आणि लगेच होतंही. तिथून पुढे शंकर एक वाक्य टपोऱ्याचं बोलतो आणि दुसरं शिस्तशीर अधिकाऱ्याचं. वाड्याचा मालक एक, मधल्या खोलीत पोटभाडेकरू दुसरा. कडी वाजवली तर दार कोण उघडेल याचा भरवसा नाही.

ऐन आषाढात, हैदराबादेत बोनालूचे दिवस असताना, १८ जुलैला हा सिनेमा लागला आणि धो धो चालला. जाहिरातीत नायकाची ओळख ‘डबल दिमाक हैदराबादी’ अशी करून दिली होती. इथेच पुढच्या भागाच्या गणिताची पंचाईत झाली. पहिल्याच भागात दिमाक डबल होऊन बसलेला, आणि दुसऱ्या भागाचं नाव ‘डबल इस्मार्ट’. डबलचं डबल म्हणजे चार. प्रत्यक्षात मोजायला गेलं तर डोकी भरतात तीन: शंकर, अरुण आणि नव्यानं आलेला बिग बुल. त्यातला अरुण आता कुठे राहतो, असं माझ्या भाच्यानं सिनेमा चालू असताना विचारलं. पागडी घेऊन निघून गेला असेल, असं मी म्हणालो. जुन्या भाडेकरूंची चौकशी करत बसायला पुरी जगन्नाथ यांच्याकडे वेळ नसतो. बँकॉकला जाऊन समुद्रकाठी बसायचं आणि झपाट्यानं पटकथा लिहून परत यायचं, ही त्यांची पद्धत तेलुगू सिनेमात सगळ्यांना माहीत आहे.

‘डबल इस्मार्ट’ १५ ऑगस्ट २०२४ ला आला. शंकर म्हणजे राम पोतिनेनी, बिग बुल म्हणजे संजय दत्त. मुंबईत ज्यांनी १९९२ साली शेअर बाजारात हात पोळून घेतले, त्यांना ‘बिग बुल’ म्हटल्यावर वेगळाच माणूस आठवेल. हा तो नव्हे. या बिग बुलच्या मेंदूत गाठ झाली आहे आणि आयुष्याचे थोडेच महिने उरलेत. जगातली सगळी दौलत जवळ आहे, फक्त ती भोगायला शरीर नाही. मग कुणीतरी सुचवतं की आपण आपली स्मृती दुसऱ्या माणसात घालू. असा प्रयोग यशस्वी झालेला माणूस जगात एकच, तो हैदराबादेत. आणि त्या माणसाच्या आईला याच बिग बुलनं मारलेलं आहे, त्यामुळे शंकरही त्याला शोधतोच आहे. दोघं एकमेकांना शोधत असल्यामुळे सापडायला फारसा वेळ लागत नाही. स्मृती आत जाते, आणि आता ठरावीक दिवसांत बिग बुल पूर्ण वाडा बळकावणार, मूळ मालक बेघर होणार, अशी मुदत पडते.

माझ्या आईनं ही गोष्ट मध्यंतराच्या आधीच निकालात काढली.

“म्हणजे तात्या विंचू,” ती म्हणाली.

“आजी, हे न्यूरोसायन्स आहे.” भाचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घरात विज्ञानाची बाजू त्याच्याकडे असते.

“असू दे ना. मरायला टेकलेला गुंड. त्याला दुसऱ्याचं शरीर पाहिजे. आणि ते त्या एकाच माणसाचं चालतं. तेव्हा लक्ष्या होता, आता हा आहे. मंत्र कोण देतो याला?”

“मंत्र नाही गं, मेमरी ट्रान्स्फर.”

“तेच ते. बाबा चमत्कार कोण झालाय?”

यावर भाच्यानं रिमोट उचलून आवाज वाढवला. विज्ञानाला उत्तर सुचलं नाही की ते आवाज वाढवतं, आणि तेलुगू सिनेमात तर त्याची सोय आधीच केलेली असते.

आईचं म्हणणं खोडून काढायला मी नंतर बराच प्रयत्न केला, पण ते सगळीकडून बसतंच. ‘झपाटलेला’ १९९३ चा. गोळी लागलेला तात्या विंचू मरता मरता बाबा चमत्कारकडून मिळवलेल्या मृत्युंजय मंत्रानं बाहुल्यात शिरतो. पुन्हा माणूस व्हायचं तर त्यानं आपलं गुपित ज्याला पहिल्यांदा सांगितलं, त्या लक्ष्याच्याच शरीरात जायला हवं. महेश कोठारे यांनी हे केलं तेव्हा हाताशी रामदास पाध्यांचा बाहुला होता, दिलीप प्रभावळकर होते आणि लक्ष्मीकांत बेर्डे होते. यूएसबीचा तेव्हा जन्मही व्हायचा होता, आणि कुणाचं काही अडलं नाही. आता ‘झपाटलेला’ला ‘चाइल्ड्स प्ले’ या १९८८ च्या इंग्रजी बाहुल्याचा आधार होता, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ‘इस्मार्ट शंकर’च्या तीन वर्षं आधी ‘क्रिमिनल’ नावाचा इंग्रजी सिनेमा येऊन गेला होता. त्यात मेलेल्या सीआयए एजंटची स्मृती एका अट्टल गुन्हेगाराच्या डोक्यात घालतात. साम्य पाहणाऱ्यांनी पाहिलं. माझं मत असं की सिनेमावाल्यांना स्मृती एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात नेण्यासाठी पोर्टाची गरज कधीच पडलेली नाही.

शिवाय इंग्रजीतून घ्यायची गरजही नव्हती, घरात हे सामान पडून होतंच. नागी रेड्डी आणि चक्रपाणी या जोडीनं जुलै १९४७ मध्ये मद्रासेत तेलुगू आणि तमिळमधून ‘चंदमामा’ सुरू केला. तोच पुढे आपल्याकडे ‘चांदोबा’ म्हणून आला आणि दर महिन्याला पोरांची भांडणं लावून गेला. याच जोडीच्या विजया प्रॉडक्शन्सनं १९५१ मध्ये ‘पाताळ भैरवी’ आणि १९५७ मध्ये ‘मायाबजार’ काढला. म्हणजे तेलुगू पडद्यावरची माया आणि सोलापूर-साताऱ्याच्या पोरांच्या उशाखालची माया एकाच कारखान्यातली. ‘चांदोबा’तलं विक्रम-वेताळाचं चित्र आठवा. तलवार हातात, खांद्यावर प्रेत, आणि प्रेतात वेताळ. एका शरीरात भलताच रहिवासी, तो मोक्याच्या क्षणी बोलायला लागतो आणि सगळं काम बिघडवतो. पुरी जगन्नाथ यांनी प्रेत खांद्यावरून काढून डोक्यात ठेवलं, एवढाच फरक. ते चित्र काढणारे चित्रकारही ‘शंकर’ याच नावानं सही करायचे.

आणि शंकर म्हटल्यावर थोरले शंकर आलेच. आद्य शंकराचार्यांनी मंडनमिश्रांना वादात हरवलं, तेव्हा त्यांच्या पत्नीनं, उभयभारतीनं, कामशास्त्रावर प्रश्न विचारले. आचार्य पडले बालसंन्यासी. त्यांनी मुदत मागून घेतली, नुकत्याच मेलेल्या अमरुक राजाच्या शरीरात प्रवेश केला आणि अंतःपुरात अभ्यास सुरू केला. अभ्यास इतका रंगला की आपण कोण हेच विसरायला झालं. शेवटी शिष्यांना गवयांच्या वेशात दरबारात जाऊन, गाणं म्हणून, गुरूला जागं करावं लागलं. कथा अशी सांगतात. परकायाप्रवेश आहे, मुदत आहे, मूळ मालकाचं हळूहळू पुसलं जाणं आहे, गाणंसुद्धा आहे. मंडनमिश्रांचं गाव परंपरेनं माहिष्मती मानतात. ‘बाहुबली’मुळे आता ते शाळकरी पोरांनाही माहीत आहे. तेव्हाचे शंकर दुसऱ्याच्या शरीरात गेले, आताच्या शंकरमध्ये दुसरे येतात. बाकी पटकथा तयार होती.

भाच्याची बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर तो म्हणेल मामांनी आजीचं ऐकून लिहिलं. स्मृती काढून दुसऱ्यात घालण्याचा प्रयत्न खऱ्या शास्त्रज्ञांनीही केला आहे आणि तो सिनेमापेक्षा कमी विनोदी नाही. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात जेम्स मॅकॉनल नावाचे एक प्राध्यापक होते. ते प्लॅनेरिया नावाच्या चपट्या किड्यांना शिकवायचे. दिवा लावायचा, मागोमाग विजेचा झटका द्यायचा. काही दिवसांनी नुसता दिवा लागला तरी किडा आखडतो. एवढं शिक्षण झाल्यावर १९६० च्या सुमारास त्यांनी त्या सुशिक्षित किड्यांचे तुकडे करून अडाणी किड्यांना खाऊ घातले, आणि खाणारे किडे भराभर शिकतात असं जाहीर केलं. गुरूचं ऋण फेडण्याच्या आपल्याकडे बऱ्याच पद्धती आहेत, ही नव्हती. पुढे इतरांना तो निष्कर्ष धड पडताळता आला नाही. नाहीतर कोटा आणि लातूरच्या शिक्षकांना रात्री एकट्यानं फिरणं अवघड झालं असतं. मॅकॉनल यांनी एक नियतकालिकही काढलं होतं. त्यात खरे शोधनिबंध आणि थट्टेचे लेख शेजारी शेजारी छापले जात. वाचकांचा इतका घोटाळा व्हायला लागला की शेवटी थट्टेचा भाग उलटा छापायची वेळ आली.

२०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिड ग्लॅन्झमन यांनी समुद्री गोगलगाय घेतली. तिच्या शेपटीला झटके दिले की ती अंग आखडून घेते, आणि अशी सरावलेली गोगलगाय साध्या स्पर्शालाही पन्नासेक सेकंद आखडून बसते. तिच्या चेताकेंद्रांतला आरएनए काढून त्यांनी दुसरीला टोचला. ती दुसरी, जिला आयुष्यात कधी झटका बसलेला नाही, तीसुद्धा चाळीसेक सेकंद आखडायला लागली. एरवी तिनं सेकंदभरात अंग सैल सोडलं असतं. हीच खरी आयती भीती. त्याच्या पाच वर्षं आधी एमआयटीत टोनेगावा यांच्या प्रयोगशाळेत उंदराच्या मेंदूत प्रकाशाची तार घालून, एका पेटीची आठवण जागी करत त्याला दुसऱ्या पेटीत झटका दिला होता. नंतर पहिल्या पेटीत ठेवल्यावर उंदीर जागच्या जागी थिजला. तिथे त्याला कुणी काही केलेलं नव्हतं. म्हणजे डोक्यात तार घालून न घडलेल्या गोष्टीची आठवण देता येते, इथवर विज्ञान आलं आहे. थिजलेल्या उंदरानं पुढे कुणाला मारहाण केल्याची नोंद मात्र नाही.

आणि गंमत पाहा, ज्या २०२४ सालात शंकरच्या डोक्यात बिग बुल शिरला, त्याच वर्षी जानेवारीत न्यूरालिंक कंपनीनं पहिल्यांदा एका माणसाच्या मेंदूत यंत्र बसवलं. केसाहून बारीक धाग्यांवर १,०२४ इलेक्ट्रोड. मानेखाली लुळा पडलेला तो तरुण नुसत्या मनानं संगणकावर बुद्धिबळ खेळू लागला. पुढच्या काही आठवड्यांत त्यातले बरेच धागे मेंदूतून निसटले आणि कंपनीला सॉफ्टवेअर बदलून निभावून न्यावं लागलं. इकडे शंकरच्या डोक्यावर लोखंडी सळ्या पडतात, तो काचा फोडून पडतो, गाडीवरून उडतो, आणि पोर्ट सैलसुद्धा होत नाही. माझ्या फोनचा पोर्ट उशीवर ठेवल्या ठेवल्या सैल झाला. हैदराबादी कारागिरीबद्दल माझ्या मनात आदर आहे.

इथपर्यंत ठीक. आता खुद्द सिनेमाबद्दल. पहिल्या भागात एक मजा होती, ती बोलीची. तेलुगू पडद्यावर पूर्वी तेलंगणाची बोली बहुतेक खलनायकाच्या किंवा विदूषकाच्या वाट्याला यायची आणि नायक किनारपट्टीची सुबक तेलुगू बोलायचा. २०१४ मध्ये वेगळं राज्य झाल्यावर हे पालटू लागलं. ‘इस्मार्ट शंकर’चा नायक ती बोली छाती पुढे काढून बोलला, मधूनमधून दखनी पेरत. औरंगाबाद-नांदेडच्या माणसाला त्यातलं निम्मं बिनखर्चात समजतं. आम्हीही निजामाचेच होतो. हिंदीत डब करताना हे सगळं गाळात जातं. शंकर, बिग बुल आणि अरुण तिघंही त्याच एका घोगऱ्या आवाजात, त्याच एका मुंबईछाप हिंदीत बोलतात. तीन भाडेकरू आणि जिभेला मीटर एकच. शंकरच्या डोक्यात आत्ता कोण बोलतंय हे ओळखायला मग चष्मा आणि भुवया यांच्यावरच भिस्त ठेवावी लागते.

दुसऱ्या भागात पहिल्याचं सगळं आणखी मोठं करून आणलंय. संगीत पुन्हा मणि शर्मा यांचं. एका गाण्यात तर माजी मुख्यमंत्री केसीआर यांच्या बोलण्यातला लोकांच्या तोंडी असलेला एक तुकडा घातला, त्यावरून त्यांच्या पक्षाची माणसं भडकली. यावर ‘काय झाडी, काय डोंगार’वाल्या महाराष्ट्रानं तरी नाक मुरडू नये. अली या जुन्याजाणत्या विनोदी नटाला असा एक ट्रॅक दिलाय की त्यातला विनोद शोधायला शंकरच्या डोक्यात तिसरी स्मृती भरावी लागेल. आणि नायिकेच्या मागे लागण्याची शंकरची जी तऱ्हा आहे, तिला सिनेमात प्रेम म्हणतात. भारतीय न्याय संहितेत तिला वेगळं कलम आहे. पहिल्या भागातही हे खटकलं होतं. पाच वर्षांत डोक्यातली माणसं बदलली, पण ही खोड कुणी डिलीट केली नाही.

संजय दत्तचं मात्र मला वाईट वाटलं. २००६ साली ‘लगे रहो मुन्नाभाई’त याच माणसाच्या डोक्यात गांधीजी राहायला आले होते. केमिकल लोचा, असं त्याचं निदान झालं होतं. तो पोटभाडेकरू इतका चांगला निघाला की लोक एकमेकांना गुलाबाची फुलं पाठवायला लागले. अठरा वर्षांनी त्याच संजय दत्तला दुसऱ्याच्या डोक्यात खोली मागत फिरावं लागतं, तेही गाठीचं दुखणं घेऊन. त्याच्या अभिनयाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. दाढी चांगली आहे.

मराठी माणसाला यात मकरंद देशपांडे दिसतात आणि बरं वाटतं. तेलुगू दिग्दर्शकांना मराठी नटांचं वेड जुनं आहे. पुरी जगन्नाथ यांच्याच ‘पोकिरी’त २००६ साली साताऱ्याचे सयाजी शिंदे पोलीस आयुक्त झाले होते, आणि महेश बाबूच्या बरोबरीनं लोकांना ते आठवतात. तो सिनेमा हिंदीत ‘वाँटेड’ म्हणून आला, तेव्हा त्यातला लाचखोर इन्स्पेक्टर महेश मांजरेकरांच्या वाट्याला आला. हैदराबादेला वर्दी घालायची झाली की ती साताऱ्या-मुंबईकडच्या अंगावर बसते, असा काहीतरी समज आहे.

‘डबल इस्मार्ट’ आपटला. २०२२ मध्ये ‘लायगर’मध्ये माइक टायसनलासुद्धा आणून पुरी जगन्नाथ यांचे हात पोळले होते, तेव्हा चाललेल्या सिनेमाची स्मृती काढून नव्यात भरावी, असं त्यांना वाटलं असणार. पहिल्या भागाला लोकांनी दिलेलं प्रेम पोर्टातून आपोआप उतरेल, हा हिशेब होता. पण २०१९ पासून लोकांच्या डोक्यात एवढं काय काय येऊन राहिलंय की कुणाला जागाच नव्हती. त्याच १५ ऑगस्टला हिंदीत ‘स्त्री २’ आला होता. तोही दुसराच भाग, त्यात भूत होतं, विज्ञान नव्हतं, आणि त्यानं तिकीटबाऱ्यांवरची तिकिटं संपवली. आईला मी हे सांगितलं, तर तिला त्यात नवल वाटलं नाही. ‘डबल इस्मार्ट’ तीन आठवड्यांत ओटीटीवर आला. आमच्या घरी तो पोचला तो असा.

तेलुगूतल्या बाकीच्या विज्ञानकथांच्या दुसऱ्या भागांचंही फार बरं चाललंय असं नाही. ‘कल्की २८९८ एडी’ २०२४ च्या जूनमध्ये आला. महाभारत-युद्धाच्या काळापासून सहा हजार वर्षं मोजून दिग्दर्शक नाग अश्विन यांनी ते साल काढलं होतं. अमिताभ बच्चन यांचा अश्वत्थामा तेवढी वर्षं तग धरून राहिला. पुढच्या भागापर्यंत दीपिका पदुकोण मात्र टिकली नाही. २०२५ च्या सप्टेंबरात निर्मात्यांनी तिचे आणि आपले मार्ग वेगळे झाल्याचं जाहीर केलं. सहा हजार वर्षं चिरंजीव राहणं सोपं, कामाच्या अटी जुळणं कठीण.

आणि सगळ्यात जुनी उधारी आहे ‘आदित्य ३६९’ची. सिंगीतम श्रीनिवास राव यांनी १९९१ मध्ये काढलेला हा सिनेमा. नायक बालकृष्ण टाइम मशीनमध्ये बसून विजयनगरला कृष्णदेवरायांच्या दरबारात जातात, तेनाली रामनला भेटतात आणि मग भविष्यात जातात. त्यात पोर्ट नाही, चिप नाही, पण आजही बघताना मजा येते. २०२५ च्या एप्रिलमध्ये तो नव्यानं थिएटरात लागलाही. त्याच्या पुढच्या भागाचं नाव ‘आदित्य ९९९’ हे बालकृष्ण वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. कधी स्वतः करणार म्हणून, कधी मुलाला घेऊन करणार म्हणून. मधे नावापुढे ‘मॅक्स’ही लागलं. सिनेमा काही आलेला नाही. घरात चालू स्थितीतलं टाइम मशीन असून माणसाला तारीख जमत नाही, हे मी तेलुगू सिनेमातच पाहिलं. भाचा म्हणतो, येईल, घाई काय आहे. घाई नाहीच. पण ‘आदित्य ३६९’मधली मंडळी तेव्हाच २५०४ सालापर्यंत जाऊन आली होती, आणि तिथे त्यांना दुसऱ्या भागाचं पोस्टर कुठेच दिसलं नव्हतं.